"असंच" म्हणून विषय टाळला, ही साक्ष नाकारणं झालं का?

कोपऱ्यातलं_टेबल

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ख्रिस्ती घरात वाढले, संडे स्कूल, उपासना, घरची रात्रीची प्रार्थना सगळं लहानपणापासून होतंच, पण प्रभूला मनापासून हो म्हटलं ते खूप उशिरा, दोन वर्षांपूर्वी. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष द्यायला, प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते सांगायला उभं राहायचं असेल तर मला भीती वाटत नाही, समोर सगळे आपलेच असतात, मान डोलावतात, शेवटी आमेन म्हणतात. ऑफिसात मात्र तोंडाला कुलूप. मी ख्रिस्ती आहे हे तिथे माहीत आहे, म्हणजे फॉर्मवर लिहिलेलं असतं तेवढंच. त्याचा माझ्या जगण्याशी काही संबंध आहे का हे कुणाला माहीत नाही, कारण मी कधी सांगितलंच नाही.

आता प्रसंग सांगते. आमच्याकडे दर महिन्याला मशीनची तपासणी करून महिना संपायच्या आत रिपोर्ट लावायचा असतो. या वेळी तपासणी झाली पुढच्या महिन्याच्या 3 तारखेला आणि साहेब म्हणाले तारीख 31 टाक, एवढं काय त्यात, सगळेच टाकतात. साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांच्यावरही वरून प्रेशर असतं. मी म्हटलं, सर या वेळी मला नाही जमणार, झाली त्या दिवसाचीच टाकते, उशीर का झाला त्याचं पत्र हवं तर मी लिहून देते. ते जरा वेळ गप्प बसले आणि मग "बघ तुझं तू" म्हणाले. इथपर्यंत ठीक होतं.

संध्याकाळी लिफ्टपाशी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण भेटली. माझ्या हातात दोन फायली होत्या, लिफ्टचं बटण आधीच पेटलेलं होतं तरी मी ते परत परत दाबत होते कारण ती आता काय विचारणार हे मला कळलं होतं. ती म्हणाली, "एवढ्याशा तारखेवरून तू अडून का बसलीस गं? तुझं काय जात होतं?" खोचकपणे नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. आणि मी म्हटलं, "असंच गं. मला नाही आवडत."

खरं उत्तर अगदी ओठावर होतं. प्रभू येशूमुळे, एवढंच म्हणायचं होतं. त्या रात्री बायबलमधलं मत्तय 10:32-33 वाचलं, जो मला माणसांसमोर कबूल करील त्याला मी पित्यासमोर कबूल करीन आणि जो नाकारील त्याला नाकारीन, आणि मला झोप लागली नाही.

माझा प्रश्न असा आहे की हे नाकारणं झालं का? आणि रोजच्या जगण्यात साक्ष द्यायची म्हणजे नेमकं करायचं काय? मला कुणावर काही लादायचं नाहीये, टेबलावर वचनाचा कागद लावून बसणाऱ्यांतली मी नाही, वाद घालता येत नाही, शास्त्रातलं सगळं पाठ नाही. पण "असंच" म्हणूनही आता राहवत नाही.

मोहरीचा_दाणा

ताई, झोप लागली नाही यातच बरंच काही आलं. ज्याने खरंच पाठ फिरवली त्याला झोप लागते.

प्रभूचा शिष्य पेत्र, त्याचं आठवा. प्रभूला धरून नेलं त्या रात्री अंगणात विस्तव पेटलेला, थंडी होती म्हणून तो शेकत उभा, आणि एका दासीने विचारल्यावर म्हणाला मी त्याला ओळखत नाही. तुम्ही तसं म्हणाला नाहीत, तुम्ही विषय बदललात, दोन्ही एकच नाही असं मला वाटतं, पण त्यावर मी जास्त बोलणार नाही कारण तुमचं मन तुम्हाला जास्त माहीत. मला सांगायचंय ते पुढचं. योहानाच्या शुभवर्तमानात त्या विस्तवासाठी कोळशाच्या विस्तवाचा जो ग्रीक शब्द आहे, तो अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो, एकदा 18व्या अध्यायात त्या अंगणात आणि दुसऱ्यांदा 21व्या अध्यायात समुद्राकाठी, जिथे उठलेला प्रभू स्वतः विस्तव पेटवून पेत्राची वाट बघत असतो. तिथे तो पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. नाकारलंस का, असं एकदाही विचारत नाही. तेव्हा मत्तय 10 वाचलंत तसं योहान 21 पण वाचा, त्याच रात्री वाचायला हवं होतं.

आता साक्ष म्हणजे काय. हा कोर्टातला शब्द आहे आणि आपण नेमकं तेच विसरतो. कोर्टात वकील वेगळा, न्यायाधीश वेगळा, साक्षीदार वेगळा. साक्षीदाराने वाद जिंकायचा नसतो, त्याने काय पाहिलं तेवढं सांगायचं असतं आणि जे पाहिलं नाही त्याबद्दल "मला माहीत नाही" म्हणायचं असतं. योहान 9 मधला जन्मांध माणूस बघा, प्रभूने त्याला बरं केल्यावर परूशी, म्हणजे तेव्हाचे कडक धर्मपुढारी, त्याला उलटसुलट विचारतात, हा येशू पापी आहे की नाही ते सांग, तर तो म्हणतो ते मला ठाऊक नाही, एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. शास्त्र त्याला पाठ असेल नसेल, डोळे आले होते हे मात्र त्याच्याकडून कुणी हिसकावून घेऊ शकत नव्हतं. तुम्ही म्हणता वाद घालता येत नाही, तर घालूच नका, ते तुमच्याकडे कुणी मागितलेलं नाही.

आणि ग्रीकमध्ये साक्षीदाराला "मार्तुस" म्हणतात. पुढे पुढे साक्ष देताना इतके लोक मारले गेले की त्याच शब्दाचा अर्थ हुतात्मा असा होत गेला. हे घाबरवायला सांगत नाहीये. लिफ्टपाशी आपल्याला फार तर एक अवघड शांतता सोसावी लागणार असते, तेवढी सोसता येते असं मला स्वतःला सांगावं लागतं म्हणून इथे लिहिलं.

रात्रपाळी_07

मी नर्स आहे, वॉर्डात. मोहरीचा दाणा यांचं पटलं, पण एक बाजू राहिली ती मांडते. तुमच्याकडे विचारणारी मैत्रीण होती, बरोबरीची. माझ्यासमोर पडून असलेला माणूस बरोबरीचा नसतो. त्याला उठून जाता येत नाही, सलाईन लावलेलं असतं, पाणी पाहिजे तर मलाच हाक मारावी लागते. अशा माणसापुढे मी स्वतःहून माझ्या देवाचं बोलायला लागले तर तो "नको" म्हणेल का? नाही म्हणणार, घाबरेल, सिस्टर नाराज झाल्या तर.

हे मला शहाणपणाने कळलेलं नाही, चुकून कळलं. नोकरीला लागले तेव्हा अंगात खूप उत्साह होता. एका आजोबांची रात्री तब्येत बिघडली आणि मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, न विचारता. त्यांचा मुलगा दारात उभा होता. तो ओरडला नाही, फक्त म्हणाला, "सिस्टर, तुम्ही त्यांना विचारलं होतं का?" मला उत्तर देता आलं नाही. आज इतकी वर्षं झाली, तो आवाज जसाच्या तसा आठवतो. त्या माणसाचं बरोबर होतं.

त्यानंतर मी ठरवलं की रुग्णाने विचारल्याशिवाय तोंडाने बोलायचं नाही, प्रार्थना मनात करायची, ती कुणी थांबवू शकत नाही आणि त्यासाठी कुणाची परवानगी पण लागत नाही. आणि हाताने जे करायचं ते नीट करायचं. पहाटे चार वाजता कुस बदलून द्यायला येणारी सिस्टर ज्या हाताने चादर ओढते ना, त्यावरून माणसाला कळतं आपण तिला ओझं वाटतोय की नाही. मी तो हात सुधारायच्या मागे आहे. अजून जमत नाही रोज, तीन डबल ड्यूट्या झाल्या की माझाही हात कोरडा होतो.

कधीतरी कुणीतरी विचारतंच. एका बाईंनी विचारलं, तुम्ही कधी चिडत नाही का हो? मी म्हटलं चिडते, मग प्रभूपाशी जाऊन रडते, मग परत येते. त्या म्हणाल्या, मग माझ्यासाठी पण सांगा त्याला. तेव्हा हात धरून प्रार्थना केली, त्यांनी सांगितलं म्हणून.

तुम्ही साहेब असतात आणि समोर तुमच्या हाताखालचं कुणी असतं तर मी म्हटलं असतं गप्प बसा. तुमचं तसं नाहीये, तुम्हाला विचारलं होतं, मग सांगायला काय हरकत.

दुसऱ्या_बाकावरून

मी विश्वासणारा नाही, देव मानतो की नाही हेही मला नीट सांगता येत नाही. इथे मी लिहिणं चालेल ना? समोरच्या बाजूने कसं दिसतं ते कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहितोय.

माझे दोन ख्रिस्ती मित्र होते. पहिला खूप प्रेमळ, भेटला की घरच्यांची चौकशी, अडीअडचणीला धावून येणार, आणि दर दोन आठवड्यांनी आमच्या मीटिंगला ये म्हणून आग्रह. मी चारपाच वेळा गेलो, चांगली माणसं होती. मग एकदा नीट सांगितलं की मला नाही यायचं पुढे, माझं मन नाही. त्यानंतर त्याचे फोन बंद झाले. भांडण नाही काही नाही, बंदच. तेव्हा मला जे वाटलं ते सांगतो, मला वाटलं हा माझ्याकडे कधी आलाच नव्हता, तो माझ्यातल्या होणाऱ्या विश्वासणाऱ्याकडे येत होता. तो माणूस झाला नाही म्हटल्यावर याचं माझ्याकडे काम संपलं.

दुसरा माझ्या बाजूलाच बसायचा. त्याने स्वतःहून कधी विषय काढला नाही, पण विचारलं की लपवायचाही नाही. एकदा मी जरा वाकड्यातच विचारलं, तुमचा देव प्रेम आहे तर मग लहान मुलं का मरतात? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मला माहीत नाही. माझी बहीण गेली तेव्हा मीही हेच विचारत होतो. एवढं माहीत आहे की तेव्हा मी एकटा नव्हतो." मला बहिणीचं माहीतच नव्हतं. तो मला आजही भेटतो, मी आजही विश्वास ठेवत नाही, आणि त्याला ते दोन्ही चालतं.

तर ताई, तुमच्या मैत्रिणीच्या जागी मी असतो तर "असंच" ऐकून मला थोडं वाईट वाटलं असतं. धर्माचं सांगितलं नाही म्हणून नव्हे, मी खरं विचारलं आणि मला खरं उत्तर मिळालं नाही म्हणून. परत जाऊन सांगा तिला. पण त्यानंतर ती काहीच बोलली नाही तरी तिच्याशी आहे तशाच राहा.

मोहरीचा_दाणा

@दुसऱ्या_बाकावरून, चालेल काय, तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. पहिल्या मित्राचं वाचून मला माझ्या दोन मित्रांची आठवण झाली ज्यांना मी असेच फोन बंद केले होते. लावतो आज.

चालता_बोलता

मला थोडं वेगळं म्हणायचंय. इथे सगळे हळूहळू "शब्द नको, जगण्यातून दाखवा" या बाजूला सरकतात आणि ते ऐकायला छान वाटतं, पण मी तसं म्हणून म्हणून पंधरा वर्षं गप्प बसलो. माझ्या चांगल्या वागण्याचं श्रेय लोक माझ्या आईवडिलांना द्यायचे, स्वभावाला द्यायचे, प्रभूला कुणी का देईल, त्यांना माहीतच नाही. आणि मला ते श्रेय घ्यायला आवडत होतं, हे कबूल करायला पाहिजे.

ते वाक्य सगळीकडे फिरतं ना, सुवार्ता सांगा आणि गरज पडली तरच शब्द वापरा, असिसीचा फ्रान्सिस या जुन्या काळच्या संताच्या नावावर. त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. त्याने खरंच जे लिहिलं ते जास्त कामाचं आहे. 1219 मध्ये धर्मयुद्ध चालू असताना तो इजिप्तमध्ये दमिएत्ताला सुलतान अल-कामिलला भेटायला गेला होता, हातात शस्त्र नाही काही नाही, आणि जिवंत परत आला. त्यानंतर आपल्या संन्यासी संघाच्या 1221 च्या नियमावलीत त्याने मुस्लिम लोकांत जाऊन राहणाऱ्या आपल्या संघातल्या भावांसाठी लिहून ठेवलं की राहायच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे वाद घालायचा नाही, भांडायचं नाही, देवासाठी सगळ्यांच्या अधीन होऊन राहायचं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करायचं. दुसरी म्हणजे देवाला आवडेल असं दिसलं की वचन सांगायचं. पहिल्या पद्धतीचा शेवट नीट वाचा. सेवा करा, नम्र राहा, पण आपण कोणाचे आहोत हे लपवू नका. रोजच्या जगण्यातली साक्ष मला तेवढीच वाटते, आणि तेवढी तरी हवीच.

1 पेत्र 3:15 पण तेच सांगतं, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारलं तर, असं आहे. आणि तयार असा, असंही आहे. तयारी नसली की माणूस "असंच" म्हणतो. मीही म्हणायचो, माझा शब्द "संस्कार" होता.

तयारीवरून एरिक लिडेल हा ख्रिस्ती धावपटू आठवतो, रविवार देवाचा म्हणून त्या दिवशी खेळायचा नाही. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून तो धावला नाही, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण ते त्या रविवारी सकाळी ठरलेलं नव्हतं, वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळलं होतं, तेव्हाच त्याने ठरवलं आणि मग 400 मीटरची तयारी केली आणि ती 47.6 सेकंदांत जिंकली. मला त्याच्या पुढच्या आयुष्यातली गोष्ट जास्त आवडते. तो चीनमध्ये मिशनरी शिक्षक झाला, 1943 पासून जपान्यांच्या वेईश्येन नजरकैद छावणीत होता, 1945 मध्ये तिथेच वारला. छावणीत तो मुलांचे खेळ घ्यायचा, रविवारी मात्र नाही. मग रविवारी मोठ्या माणसाशिवाय खेळताना मुलांची भांडणं व्हायला लागली तेव्हा तो रविवारीसुद्धा रेफरी म्हणून उभा राहिला. ज्या रविवारसाठी अख्ख्या जगासमोर शर्यत सोडली तो रविवार त्याने कंटाळलेल्या पोरांसाठी दिला. मला दोन्ही वेळी एकच माणूस दिसतो.

ताई, तुम्ही तारखेच्या वेळी ठरवून गेला होतात ना? तसंच एक वाक्य ठरवून ठेवा. छोटं, स्वतःच्या भाषेतलं, मंडळीच्या भाषेतलं नको. "पापक्षमा" "तारण" हे शब्द आपल्याला जवळचे आहेत, लिफ्टपाशी उभ्या असलेल्या बाईला त्यातलं काही कळणार नाही.

रात्रपाळी_07

हे पटलं. मार्क 5 मध्ये तो भुतं लागलेला माणूस बरा झाल्यावर प्रभूबरोबर नावेत जायचं म्हणतो तर प्रभू त्याला नेत नाही, म्हणतो तुझ्या घरी आपल्या लोकांकडे जा आणि तुझ्यासाठी काय केलं ते सांग. त्याला कुठलं शिक्षण दिलं नाही काही नाही, स्वतःवर झालेलं सांगायचं. फक्त घरच्यांना त्याचं आधीचं सगळं माहीत असणार, तेच अवघड.

कोपऱ्यातलं_टेबल

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. योहान 21 त्याच दिवशी वाचलं. वाक्यही ठरवलं, तीन वेळा लिहून खोडलं.

काल सांगितलं तिला. मुद्दाम थांबले तिच्यासाठी, परत तिथेच लिफ्टपाशी. म्हटलं, त्या दिवशी तू विचारलंस आणि मी नीट सांगितलं नाही, खरं कारण असं आहे की मी येशूच्या मागे चालायचं ठरवलंय, तो सगळं बघतो म्हणून भीतीने नाही गं, त्याने मला फार सांभाळलंय म्हणून मला त्याच्याशी खोटं वागवत नाही. एवढंच बोलले. आवाज थरथरत होता, पण बोलले.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण गेल्या वर्षी तर तू टाकली होतीस की तारीख. आपण दोघींनी बसून टाकली होती."

रात्रपाळी ताई, तुम्ही लिहिलं होतं ना आधीचं माहीत असणाऱ्यांना सांगणं अवघड, तेच झालं. गेल्या वर्षीची ती तारीख मी विसरले नव्हते, तिला आठवत नसेल असं धरून चालले होते. आणि तेव्हाही मी विश्वासातच होते, रविवारी उपासनेला जात होते. मी ठरवलेल्या वाक्यात याचं उत्तर नव्हतं. म्हटलं, "हो, टाकली होती. चूक होती ती माझी. तुलाही त्यात ओढलं, त्याचं मला वाईट वाटतं."

लिफ्ट आली, दार उघडलं, ती म्हणाली तू हो पुढे, मी जिन्याने येते. का ते कळलं नाही, रागावली असेल असं वाटून रात्रभर मन खात होतं.

आज सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली, खुर्ची ओढून बसली आणि हळू आवाजात विचारलं, मग त्या जुन्या रिपोर्टचं तू काय करणार आहेस? मी म्हटलं साहेबांना सांगणार आहे, तुझं नाव घेणार नाही. ती काही बोलली नाही, पण लगेच उठूनही गेली नाही.

उद्या 11 वाजता साहेबांची वेळ घेतलीय. जमलं तर त्या वेळी दोन मिनिटं माझी आठवण ठेवा प्रार्थनेत. @दुसऱ्या_बाकावरून, तुम्ही प्रार्थना करत नाही हे माहीत आहे, तुम्ही नुसती आठवण ठेवलीत तरी चालेल.

दुसऱ्या_बाकावरून

11 वाजता. ठेवतो.